सेतारा काय म्हणाली

"मास्तर, आधी माझे प्रश्न. तुमचे नंतर विचारा."

माझा आवाज चढला होता. बाहेर चिखलात दीडेकशे माणसं ताटकळत उभी होती. सकाळपासून दोन बायका रांगेतच कोसळल्या होत्या. आणि आमचे दुभाषी जाफर मास्तर आत आलेल्या पेशंटशी स्वतःचंच काहीतरी बोलत बसले होते. एरवी हा माणूस एक शब्द जास्तीचा बोलायचा नाही. त्या बाईला पाहिलं मात्र, आणि ते तिच्यासमोर उकिडवे बसून भराभर काहीतरी विचारायला लागले.

"माझ्या भावाची बायको आहे, आपा," ते माझ्याकडे वळून म्हणाले. डोळे भरले होते, पण चेहरा हसत होता. "सेतारा. अयूबची बायको. मला वाटत होतं, आमच्या घरातलं कुणीच उरलं नाही. नऊ दिवसांनी आली, पण जिवंत आली!"

"चांगलं झालं. पण तिचा हात बघा आधी. मला काम करू द्या."

ते मान हलवून बाजूला सरकले.

ही सप्टेंबर दोन हजार सतरामधली गोष्ट. त्या ऑगस्टच्या अखेरीस म्यानमारमधल्या राखाइन प्रांतात रोहिंग्यांची गावंच्या गावं जाळली गेली आणि लाखो माणसं नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आली. मी अंबाजोगाईची. तिथंच शिकले, तिथंच सरकारी दवाखान्यात नोकरी केली आणि मग दोन वर्षांसाठी एका वैद्यकीय संस्थेबरोबर बाहेर पडले. कुतुपालोंगच्या छावणीत आमचा दवाखाना म्हणजे बांबूच्या चार खांबांवर ताणलेली ताडपत्री. रोहिंग्यांची बोली आम्हांला कुणालाच येत नव्हती. जाफर आलम हे सोनाखाली गावचे शाळामास्तर. मदरशात उर्दू शिकलेले आणि हिंदी सिनेमे पाहिलेले, त्यामुळे माझी हिंदी त्यांना कळायची. तेही सहा दिवसांपूर्वीच पलीकडून आले होते. हल्ला झाला त्या पहाटे ते बांबू तोडायला ओढ्यापलीकडे गेले होते, म्हणून वाचले. बांबूच्या बेटातून त्यांनी नदीकाठी गावातल्या पुरुषांना ओळीनं गोळ्या घातलेल्या पाहिल्या होत्या. त्यांत त्यांचा भाऊ अयूबही होता. बायकांचं काय झालं, ते तिथून दिसलं नव्हतं. म्हणून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते माझं काम झालं की एक प्रश्न विचारायचे. माझ्या बायकोला पाहिलंत का? खुर्शिदा. बरोबर सहा वर्षांची मुलगी असेल.

सेताराचा डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भाजला होता. जखमेत पू झाला होता. डोक्यामागं खोक होती, केस त्यात चिकटून बसले होते. मी जखम धुवायला घेतली. ती ओरडली नाही.

"कसं भाजलं?"

मास्तरांनी विचारलं. "घराला आग लागली. आत होती."

"आणि डोक्याला?"

"मार लागला."

कार्डावर शेवटचा प्रश्न असायचा. बायका दुभाषी अजून मिळाल्या नव्हत्या. परक्या बाप्याकरवी हा प्रश्न विचारायची मला लाज वाटायची, पण विचारणं भाग होतं. "तिच्यावर कुणी जबरदस्ती केली का, विचारा."

मास्तरांनी मान खाली घातली आणि जमिनीकडे बघत प्रश्न विचारला.

सेतारानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ती बोलायला लागली. एका सुरात, न थांबता. रडली नाही. पदर सावरला नाही. मधे एकदा तिनं चांगल्या हातानं जमिनीवर रेघ ओढून दाखवली, एकदा मागच्या बाजूला ढकलल्यासारखं केलं. मी तेवढ्यात पट्टीची एक पूर्ण गुंडाळी बांधून संपवली आणि दुसरी सुरू केली. ती बोलायची थांबली तेव्हा बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं, तेही मला ऐकू आलं.

मास्तर अजून जमिनीकडेच बघत होते.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच. घाबरलेली आहे, आपा. तेच ते परत परत सांगते."

मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. सेतारा ताडपत्रीच्या दाराशी थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी तोवर एका बाळाच्या छातीला स्टेथो लावला होता. मास्तरांनी पाणी मागितलं, दोन पेले प्यायले. त्यानंतर त्या दिवशी आणखी चाळीस-पंचेचाळीस पेशंट झाले. प्रत्येकाचं बोलणं त्यांनी मला नीट उलगडून सांगितलं.

*

फेब्रुवारीत वकिलांचा एक गट छावणीत आला. पलीकडे जे झालं त्याचे जबाब गोळा करून ते परदेशातल्या न्यायालयापुढे ठेवणार होते. त्यांची प्रमुख इनेस नावाची साठीची बाई होती. केस बारीक कापलेले, आवाज अगदी हळू. तिला हिंदीचा गंध नव्हता, पण बरोबर रुमाना नावाची चितगावची मुलगी होती. चितगावची बोली रोहिंग्यांच्या बोलीची सख्खी बहीण. रुमानाला त्यांचं सगळं कळायचं, हिंदीही यायची आणि इंग्रजीही.

तोपर्यंत जाफर मास्तरांना सगळी छावणी ओळखत होती. कारण त्यांची वही. सोनाखालीच्या मेलेल्या माणसांची नावं त्यांनी घरवार लिहून काढली होती. नाव, बापाचं नाव, वय, कुठल्या घरचं. दोनशे बारा नावं. गावाच्या शाळेत पंधरा वर्षं शिकवलेलं, त्यामुळे घर न् घर तोंडपाठ. गाव जळलं होतं, नंतर म्हणे बुलडोझर फिरवून जमीन सपाट केली होती. सोनाखाली नावाचं गाव होतं आणि त्यात ही माणसं राहत होती, याचा तेवढाच एक कागद उरला होता.

इनेसनं ती वही दोन दिवस मांडीवर घेऊन रुमानाकडून वाचून घेतली. मला म्हणाली, "तीस वर्षं हे काम करते आहे. इतकं नेटकं काम कमी पाहिलं आहे. सोनाखालीचा खटला या माणसाच्या जोरावर उभा राहील."

चौथ्या दिवशी तिनं मला तिच्या झोपडीत बोलावलं. आत रुमाना होती आणि खाली चटईवर सेतारा बसली होती. हाताची जखम भरली होती, पण कोपर आखडून गेलं होतं. इनेसच्या हातात दवाखान्याचं कार्ड होतं.

"हे अक्षर तुझं?"

"हो."

"ही बाई काल आपणहून आली. पाच तास बोलली. सात बायकांना एका घरात कोंडलं, त्यांच्यावर अत्याचार केले आणि घर पेटवलं, असं तिचं म्हणणं आहे. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा तिला आठवतो. तो आधी दोनदा गावात आला होता, त्याचं नावही ठाऊक आहे. असा साक्षीदार मला अजून एकही मिळालेला नाही." तिनं कार्ड माझ्यापुढे धरलं. "आणि तुझं कार्ड म्हणतं, नाही. घटनेनंतर नऊ दिवसांनी, डॉक्टरनं स्वतः विचारल्यावर, नाही. समोरचा वकील उभा राहील आणि पहिल्यांदा हेच वाचून दाखवील."

"तिनं तेव्हा सांगितलं नसेल," मी म्हणाले. "समोर थोरला दीर बसलेला. लाजली असेल."

रुमानानं ते सेताराला सांगितलं. सेतारानं मान झटकली. मग जे बोलली ते रुमाना मला सांगताना अडखळली.

"ती म्हणते, 'मी लाजले नाही. लाज त्या घरातच जळली. मी याच बाईला सगळं सांगितलं. दिरासमोर सांगितलं. हिनं ऐकलं, खूण केली आणि दुसऱ्याचं पोर तपासायला घेतलं. मला वाटलं, या लोकांत हे असंच ऐकत असतील.'"

मी कार्डाकडे बघत राहिले.

इनेसनं विचारलं, "डॉक्टर, ती किती वेळ बोलली होती, आठवतं?"

"आठवतं."

"आणि दुभाष्यानं काय सांगितलं?"

"एकच शब्द."

"तुला शंका आली नाही?"

खोटं बोलता आलं असतं. दीडशे पेशंट होते, पाऊस होता, दोन रात्रींची झोप नव्हती. सगळं खरंच होतं.

"आली होती," मी म्हणाले. "आली होती आणि मी पुढच्या पेशंटला बोलावलं."

रुमानानं ते सेताराला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एकच वाक्य बोलली. रुमाना ते मला सांगेना. मी तिला भागच पाडलं.

"ती म्हणते, 'एकदा परत विचारायचं होतं.'"

सेताराला बाहेर पाठवून इनेसनं मला समजावून सांगितलं. कार्ड दुरुस्त करायचं तर दुभाष्यानं शपथेवर सांगायला हवं की त्यानं मुद्दाम चुकीचं भाषांतर केलं. पण दुभाषी म्हणजे जाफर मास्तर. त्यांनी एकदा तसं लिहून दिलं की त्यांच्या वहीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. जो माणूस भावजयीच्या तोंडचे शब्द बदलतो, तो दोनशे नावं मनानं रचणार नाही कशावरून?

"मग काय करायचं?"

"एकाला सोडायचं," इनेस म्हणाली. "वही किंवा बाई. मी वकील म्हणून वही ठेवीन. माणूस म्हणून मला विचारू नकोस."

*

मास्तर एका टेकाडावर पोरांना शिकवायचे. मी गेले तेव्हा शाळा सुटली होती आणि ते फळा पुसत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"ती नाही म्हणाली होती," ते म्हणाले. फळा पुसणं थांबलं नाही.

"मास्तर, ती केवढा वेळ बोलत होती."

"घाबरलेली होती."

"त्या दिवशी हेच सांगितलंत. आज सहा महिन्यांनी तरी खरं सांगा."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. ते टेकाडाखालच्या झोपड्यांकडे वळले. मग म्हणाले, "आपा, ताडपत्रीच्या त्या बाजूला आमच्याच गावचे सात जण रांगेत होते. मी जे बोललो असतो ते त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं असतं. माझ्या मेलेल्या भावाची बायको. हे माझ्या तोंडानं बोलायचं होतं."

"समजतं मला."

"तुम्ही एक करा ना." ते एकदम जवळ आले. "तुम्ही लिहून द्या की तुमचीच चूक झाली. गर्दी होती, खूण चुकीच्या चौकोनात पडली. मी सांगितलं होतं, तुम्हीच चुकलात. तिचंही राहील आणि वहीही राहील. दोनशे बारा माणसं आहेत, आपा. मी खोटा ठरलो तर ती दुसऱ्यांदा मरतील."

खरं सांगते, मला ते पटलं. त्यात माझी नोकरी गेली असती, कदाचित डॉक्टरकीही. पण ते मला शिक्षेसारखं वाटत होतं, आणि शिक्षा मला हवीच होती. मी म्हणाले, "उद्या सकाळी या. मी सांगते तसं."

*

सकाळी इनेसच्या झोपडीत आम्ही पाच जण होतो. सेतारा चटईवर होती. मास्तर दाराजवळ उभे राहिले, आत यायला तयार नव्हते. मी इनेसला म्हणाले, "मी काल नीट आठवलं. मास्तरांनी मला सगळं सांगितलं होतं. खूण माझ्या हातून चुकली."

इनेसनं पेन उचललं नाही. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

सेतारानं रुमानाला काहीतरी विचारलं. रुमानानं हळू आवाजात उत्तर दिलं. तशी सेतारा उभी राहिली. माझ्याशी ती बोललीच नाही. ती दाराकडे वळली आणि पहिल्यांदाच थेट दिराच्या डोळ्यांत बघून बोलली. 'बद्दा' एवढा एक शब्द मला कळला. बद्दा म्हणजे थोरला भाऊ.

"काय म्हणाली?" मी रुमानाला विचारलं.

"ती म्हणते, 'बद्दा, आता या बाईलाही तुम्ही खोटं बोलायला लावलंत. मी त्या दिवशी काय म्हणाले, ते तुमच्याच तोंडानं सांगा. माझ्यासाठी नको. ज्यांच्यासाठी तुम्ही ते गिळलंत, त्यांच्यासाठी सांगा.'"

मास्तरांनी दाराचा बांबू धरला. मग ते आत आले आणि माझ्यासमोर खाली बसले, दवाखान्यात बसायचे तसे. पाठ ताठ, हात मांडीवर. नजर माझ्या चेहऱ्यावर. दुभाषी बोलणाऱ्याच्याच शब्दांत बोलतो, 'मी' म्हणजे ती व्यक्ती. मास्तर तसेच बोलायला लागले. एकेक वाक्य, हिंदीत, न अडखळता.

"'सैनिकांनी आम्हां सात जणींना नदीकाठावरून उठवून गावातल्या हाजीच्या घरात नेलं. माझे दोन्ही मुलगे काठावरच राहिले. मी त्यांना मारलेलं पाहिलं.'

"'घरात आमच्यावर जबरदस्ती केली. एकेकीवर दोघं, तिघं. मी सांगते आहे कारण तुम्ही विचारलंत.'

"'माझ्या डोक्यात काहीतरी घातलं. शुद्धीवर आले तेव्हा दार बाहेरून बांधलेलं होतं आणि छपरावरून धूर येत होता.'"

ते थांबले. सेतारा त्यांच्या मागं उभी होती. तिला हिंदी येत नव्हती, पण ते कुठवर आलेत हे तिला कळत असावं. ती हलली नाही.

"'खुर्शिदा माझ्या शेजारी होती,'" मास्तर म्हणाले.

खुर्शिदा. मास्तरांची बायको. मला तेव्हा कुठे आठवलं, सेतारा आली त्या दिवसानंतर मास्तरांनी रांगेतल्या कुणालाच तिच्याबद्दल विचारलं नव्हतं. एकालाही नाही. सहा महिने माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"'तिनं मागच्या कुडाच्या काड्या हातांनी मोडल्या. एक माणूस जाईल एवढीच जागा झाली. ती म्हणाली, तू बारीक आहेस, तू आधी जा, मी पोरीला तुझ्याकडे देते. तिनं मला ढकललं. मी बाहेर हात पसरून उभी होते. पोर आईच्या गळ्याची मिठी सोडेना. खुर्शिदा तिला म्हणत होती, जा माझे आई, जा. पोर सोडेना. मग छप्पर खाली आलं.'"

रुमाना भिंतीकडे तोंड करून उभी होती. इनेसला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिनंही कुणाला भाषांतर विचारलं नाही.

"पुढे?" मी विचारलं.

"'बद्दा,'" मास्तर म्हणाले, "'आता रांगेत त्यांना शोधू नका.'"

मग ते म्हणाले, "एवढंच, आपा. एवढंच म्हणाली होती ती. मी सगळं ऐकलं आणि तुम्ही विचारलंत, काय म्हणाली. मी बोललो असतो तर ते झालं असतं. मी नाही म्हटलं तोवर ते झालं नव्हतं." त्यांनी इनेसकडे हात केला. "कागद द्या म्हणावं. सही करतो."

मीही माझं खरं लिहून दिलं. शंका आली होती, हेही लिहिलं.

*

त्यानंतर जे झालं ते जास्त वाईट होतं.

इनेसनं वही परत दिली. मास्तरांच्या एकट्याच्या शब्दावर आता ती पुढे जाणार नव्हती. पण तिला जायला अजून बारा दिवस होते आणि तिनं एक वाट काढली. यादीतल्या प्रत्येक नावासाठी दुसरा कुणीतरी उभा राहिला, ज्यानं त्याला मरताना पाहिलं किंवा जो त्याचा नात्यातला आहे, तर ते नाव नव्यानं लिहून घेता येईल. सोनाखालीची वाचलेली माणसं अकरा छावण्यांत पांगली होती. मास्तर आणि सेतारा पहाटे निघायचे आणि टेकाडंच्या टेकाडं पालथी घालायचे. पुढे मास्तर, दहा पावलं मागं ती. एकमेकांशी बोलत नसत.

लोक आले. म्हातारे काठी टेकत आले, एक बाई बाळंतीण होऊन तिसऱ्या दिवशी आली. पण येताना मास्तरांना बोल लावत आले. "तू खोटा निघालास म्हणून माझ्या बापाचं मरण मला परत सांगावं लागतंय," एक माणूस त्यांच्या तोंडावर म्हणाला आणि त्यांच्या पायाशी थुंकला. टेकाडावरच्या शाळेत पोरं यायची बंद झाली. दुसऱ्याच्या बायकोची अब्रू ज्यानं वकिलांपुढे उघडी केली, त्याच्याकडे पोरं कोण पाठवणार? आणि ज्यांना ते झाकून ठेवल्याचा राग होता, तेही पाठवेनात. सेताराच्या झोपडीवर दोनदा चिखल फेकला गेला.

बाराव्या दिवशी दुपारी एकशे एकेचाळीस नावं झाली होती. एकाहत्तर उरली. ती अशा घरांची होती जिथं सांगायला कुणी उरलंच नव्हतं. खुर्शिदा आणि मुलीचं नाव सेताराच्या जबाबात आलं होतं. पण आमीर हुसेनच्या घरची अकरा माणसं होती, त्यातलं एकही वाचलं नव्हतं, नात्यातलंही कुणी नव्हतं. त्यांचं घर हाजीच्या घराला लागून होतं.

मास्तर सेतारासमोर हात जोडून उभे राहिले. रुमाना माझ्या कानाशी सांगत होती.

"तू मागच्या बाजूनं पळालीस ना? त्यांच्या अंगणातून? मग पाहिलं असशील. पाहिलंच असशील, सेतारा."

"धूर होता."

"एवढंच सांग की प्रेतं पाहिली. अकरा माणसं आहेत. आमीरची चारही पोरं माझ्या वर्गात होती. ती मेलीच आहेत, तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. हे खोटं नाही."

इनेस कागदावर पेन टेकवून वाट बघत होती. मला मनातून वाटत होतं, म्हण. पाहिलं म्हण. कोण विचारायला येणार आहे?

"मी अंगणातून पळाले," सेतारा म्हणाली. "दार उघडं होतं. मी आत पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, पण पाहिलं नाही."

"सेतारा—"

"त्या अधिकाऱ्यासमोर मला उभं करतील तेव्हा मी जे पाहिलं तेच बोलणार आहे. त्यात एक जरी शब्द न पाहिलेला असला तर तो हसेल. त्याला हसू द्यायचं नाही मला."

मास्तर खाली बसले. इनेसनं पेनाला टोपण लावलं. मग मास्तरांनी वही उघडली आणि उरलेली एकाहत्तर नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कुणी लिहून घेत नव्हतं. इनेस उठली नाही, आम्हीही कुणी उठलो नाही. बापाचं नाव, वय, घर. शेवटचं नाव वाचून झालं तेव्हा त्यांनी वही मिटली आणि कुणाकडेही न बघता ते टेकाडाच्या दिशेनं निघून गेले.

*

माझी मुदत त्या मे महिन्यात संपली आणि मी परत आले. संस्थेनं मला काढलं नाही, ताकीद दिली. आता अंबाजोगाईतच असते.

खटला चालू आहे. सेतारानं तीन वर्षांनंतर छावणीतल्या एका खोलीतून, पडद्यावरून, साडेचार तास साक्ष दिली. समोरच्या वकिलानं कार्ड वाचून दाखवलं, माझा जबाब वाचून दाखवला, मास्तरांचाही. रुमाना सांगत होती, तिनं एकही उत्तर बदललं नाही. ज्या अधिकाऱ्याचं नाव तिनं घेतलं तो त्याच्या देशात आहे. त्याला कुणी आणलेलं नाही.

मास्तर त्याच्या आधीच गेले होते. छावणीत शाळा नाही, आपली म्हणावी अशी माणसं नाहीत, मग मलेशियाला जाणाऱ्या एका होडीत चढले. होडी पोचल्याची बातमी आली नाही, बुडाल्याचीही नाही.

गेल्या वर्षी सेताराचा फोन आला. आता ती थोडी हिंदी बोलते, बायकांच्या एका केंद्रात शिकली. इनेसचं म्हणणं तिनं मला सांगितलं. होडीतल्या माणसांसाठी न्यायालयात काही मागायचं तर त्यांना बुडताना पाहिलेला माणूस लागेल. तसा कुणी नाही.

"बद्दांना शोधा म्हणून मी सगळ्या बंदरांकडे अर्ज करवले, आपा," ती म्हणाली. "ते विचारतात, तुम्ही कोण लागता. मी सांगते, भावजय. ते म्हणतात, सख्खं कुणी?"

मी विचारलं, "मग तू काय सांगतेस?"

"सांगते, सख्खं जे होतं ते जळताना मी पाहिलं आहे. आता त्यांचं असं मीच आहे," सेतारा म्हणाली. "परवा तिसरा अर्ज टाकला."